मॉडेलमधले आकडे लोकांपुढे ठेवा

‘प्रकल्पातून पाझरणारं दूषित पाणी पुढच्या २५ वर्षांत ४०० मीटरच्या पुढे जाणार नाही, असं संगणकीय मॉडेलवरून दिसून येतं.’ या धाटणीचं वाक्य पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अहवालांत आता वरचेवर वाचायला मिळतं. सोबत एक रंगीत नकाशा असतो. मधोमध लाल, भोवती पिवळा, कडेला निळा. लाल रंग गावाच्या विहिरींच्या अलीकडेच थांबलेला असतो. जनसुनावणीत हा नकाशा पडद्यावर आला की लोकांचे प्रश्न थांबतात. समोर ‘सॉफ्टवेअरचा निष्कर्ष’ असतो आणि सॉफ्टवेअरशी वाद कसा घालायचा, हे कुणाला ठाऊक नसतं.

मी भूजलशास्त्रज्ञ आहे. अशी मॉडेलं तयार करणं आणि इतरांनी केलेली तपासणं, हेच माझं काम. त्यामुळे ठामपणे सांगते, की तो निष्कर्ष सॉफ्टवेअरचा नसतो. कुणीतरी बसून भरलेल्या दहा-बारा आकड्यांचा तो परिणाम असतो. आकडे बदलले की लाल रंगाची हद्द बदलते. म्हणून हे आकडे अहवालात मराठीत छापणं आणि मॉडेलच्या मूळ फाइल्स कुणालाही उतरवून घेता येतील अशा ठेवणं, हे सरकारने बंधनकारक करावं, अशी माझी मागणी आहे.

एकच आकडा किती उलथापालथ करतो, ते कागदावर करून बघता येतं. जमिनीखालचं पाणी किती वेगाने सरकतं, हे काढायला तीन गोष्टी लागतात. खडक पाण्याला किती सहज वाट देतो, म्हणजे त्याची पारगम्यता. भूजलाच्या पातळीला किती उतार आहे. आणि खडकातली किती पोकळी पाणी वाहून न्यायला खरोखर कामी येते, म्हणजे परिणामकारक सच्छिद्रता. समजा पारगम्यता दिवसाला १ मीटर आहे आणि उतार १०० मीटरला १ मीटर. दोन्हींचा गुणाकार करून त्याला सच्छिद्रतेने भागायचं. सच्छिद्रता २५ टक्के धरली, तर पाणी दिवसाला ४ सेंटिमीटर सरकतं, म्हणजे वर्षाला साधारण साडेचौदा मीटर. २५ वर्षांत ३६५ मीटर. आता बाकी सगळं तसंच ठेवून सच्छिद्रता १ टक्का धरा. पाणी दिवसाला १ मीटर सरकतं. तेच ३६५ मीटर अंतर कापायला त्याला एक वर्ष पुरतं.

२५ टक्के हा आकडा नदीकाठच्या वाळूला लागू पडतो. भूजलाच्या पाठ्यपुस्तकांत बहुतेक उदाहरणं वाळूचीच असतात, सॉफ्टवेअरच्या सराव-धड्यांतही तीच. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग मात्र बसाल्टवर वसलेला आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणावर. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, फोडांच्या जाळीदार थरात आणि भेगांमध्ये. उपसल्यावर हा खडक आपल्या आकारमानाच्या फार तर १ ते ३ टक्के पाणी हाती देतो. भेगेतून वाहणाऱ्या पाण्याच्या वाट्याला येणारी पोकळी त्याहूनही कमी असू शकते. अशा प्रदेशातल्या अहवालात वाळूचा आकडा आला, तर पंचवीस वर्षांचा दिलासा एका वर्षाचा उरतो.

यावर माझे व्यवसायबंधू सांगतात, की आम्ही मॉडेल प्रत्यक्ष मोजमापांशी जुळवून घेतो. विहिरींत मोजलेली पाण्याची पातळी आणि मॉडेलने काढलेली पातळी यांचा आलेख अहवालात छापलेला असतो. सगळे ठिपके तिरक्या रेषेवर नीट बसलेले दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, मॉडेल खरं ठरलं.

या आलेखाबद्दलची एक गोष्ट भूजलाच्या वर्गाबाहेर फारशी सांगितली जात नाही. पाण्याचा प्रवाह स्थिर धरलेला असेल, तर पाण्याच्या पातळीच्या गणितात सच्छिद्रता येतच नाही. ती २५ टक्के भरा, १ टक्का भरा, पातळी तीच येईल आणि ठिपके रेषेवर तसेच बसतील. प्रदूषण कधी पोचणार, हे ठरवणारा सर्वांत कळीचा आकडा या परीक्षेला बसतच नाही. दुसरीही एक अडचण आहे. पावसाचं मुरणारं पाणी दुप्पट धरलं आणि खडकाची पारगम्यताही दुप्पट धरली, तर पातळी जवळपास तशीच राहते, पाण्याचा वेग मात्र दुप्पट होतो. म्हणजे पातळी जुळली म्हणून वेग जुळला, असं म्हणता येत नाही. वेग जुळला हे सिद्ध करायचं, तर पाण्यातल्या क्षारांची मोजमापं लागतात, तीही वेगवेगळ्या विहिरींतली आणि वेगवेगळ्या ऋतूंतली.

ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं चालतं, त्याच्यात खोट नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये ‘मॉडफ्लो’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो जमिनीखालच्या प्रवाहाचं गणित करतो. पाण्यासोबत प्रदूषक कसं वाहत जाईल, याचं गणित करणारा ‘एमटी-थ्रीडी’ हा प्रोग्रॅम १९९० मध्ये आला. चुनमियाओ झेंग यांनी तो तयार केला आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. दोन्ही फुकट मिळतात, दोन्हींचा कोड खुला आहे, जगभरच्या लोकांनी तो तपासला आहे. परिसराचे चौकोनी तुकडे पाडायचे, खाली थर द्यायचे, प्रत्येक तुकड्याला गुणधर्म द्यायचे आणि कडेला काय आहे ते सांगायचं. प्रोग्रॅम इमानेइतबारे गणित करतो. त्याला सह्याद्री माहीत नसतो आणि विहिरीवर विसंबलेलं गावही माहीत नसतं. ते माणसाने सांगायचं असतं.

सांगताना कुठे काय निसटतं, याची काही ठिकाणं मला अहवालांत पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलं म्हणजे कड. प्रकल्पाशेजारून ओढा जात असेल, तर त्याची पाणीपातळी वर्षभर स्थिर आहे, असं भरणं सोपं असतं. मग तो ओढा मॉडेलमध्ये हवं तेवढं पाणी पुरवतो किंवा हवं तेवढं दूषित पाणी गिळून टाकतो, आणि पलीकडचं गाव कागदावर सुरक्षित राहतं. आपले बहुतेक ओढे होळीच्या आधीच कोरडे पडतात.

दुसरं ठिकाण तुकड्यांचा आकार. दूषित पाणी वाहताना थोडं इकडेतिकडे पसरतं, त्याची पसरण्याची लांबी मॉडेलमध्ये भरावी लागते. ही लांबी १० मीटर असेल, तर तुकडा साधारण २० मीटरच्या आत ठेवावा, असा प्रघात आहे. तुकडा १०० किंवा २०० मीटरचा ठेवला, तर गणिताच्या पद्धतीमुळेच प्रदूषक कृत्रिमरीत्या पसरतं आणि त्याची तीव्रता खाली आलेली दिसते. नकाशातला लाल रंग पिवळा होतो तो निसर्गामुळे नव्हे, जाड चौकटींमुळे.

तिसरं ठिकाण चिकटण्याचा गुणांक. काही प्रदूषकं माती-खडकाला धरून राहतात, म्हणून ती पाण्यापेक्षा हळू सरकतात. त्यासाठी एक गुणांक भरतात. घनता १.६, सच्छिद्रता ३० टक्के आणि गुणांक १ इतका जरी धरला, तरी प्रदूषक पाण्याच्या सहापटीहून हळू सरकतं. काही जड धातूंच्या बाबतीत हे बरोबर असू शकतं. पण क्लोराइड आणि नायट्रेट सहसा कशाला चिकटत नाहीत, ती पाण्याच्या वेगानेच जातात. आपल्याकडच्या गावांना छळणारी प्रदूषकं बहुधा हीच असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. अहवालात गुणांक कोणत्या प्रदूषकासाठी आणि कोणत्या मातीवर मोजून घेतला, हे लिहिलेलं नसेल, तर त्या नकाशावर विश्वास ठेवायला आधार राहत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ग्रामपंचायतीने असा एक अहवाल मला तपासायला दिला होता. गावाच्या वरच्या अंगाला मद्यार्क प्रकल्प आणि त्याच्या मळीमिश्रित सांडपाण्याचे तलाव. अहवालाच्या परिशिष्टात एका ओळीत सच्छिद्रता ०.२५ अशी दिलेली होती. तुकड्यांचा आकार, कडा कशा धरल्या, पसरण्याची लांबी, यांपैकी काही छापलेलं नव्हतं. पावसाचं मुरणारं पाणी वर्षभरात समान वाटून टाकलं होतं, म्हणजे मॉडेलमध्ये वैशाखातही तितकंच पाणी मुरत होतं जितकं श्रावणात. ग्रामपंचायतीने मूळ फाइल्स मागितल्या. त्या सल्लागाराची बौद्धिक मालमत्ता आहे, असं लेखी उत्तर आलं.

मग मी विहिरी बघायला गेले. तलावांच्या खालच्या अंगाला शेत असलेल्या एका आबांनी मला विहिरीच्या काठावर उभं करून पूर्वेची कपार दाखवली. ‘‘ताई, पयला मोठा पाऊस झाला का ह्या कपारीतनं तांबडं पानी येतं. दसऱ्यापतूर निवळतं. खालच्या बोअरला मातूर उन्हाळ्यातच वास येतो. पावसाळ्यात न्हाई.’’ शेजारच्या दोघातिघांनी हेच सांगितलं. मी क्षारमापक सोडून पाहिलं, तर कपारीतून येणाऱ्या पाण्यात क्षार जास्त होते, समोरच्या बाजूच्या झऱ्यात कमी.

आबांच्या त्या चार वाक्यांत एका चांगल्या मॉडेलचा आराखडा होता. पावसाबरोबर उथळ मुरमातून आणि भेगेतून दूषित पाणी झपाट्याने येतं, म्हणून मॉडेलमध्ये पावसाळा वेगळा हवा. वर्षाची सरासरी धरली, तर जून ते सप्टेंबरचा तो लोंढा गणितातून पुसला जातो. खोल बोअरला उन्हाळ्यात वास येतो, याचाही अर्थ लागतो. आपल्याकडे बोअरला केसिंग वरच्या मुरमापुरतं घालतात, खालचा सगळा खडक उघडा असतो. उन्हाळ्यात उपसा वाढला, खालची पातळी उतरली, की वरच्या थरातलं दूषित पाणी त्या उघड्या बोअरमधून सरळ खालच्या थरात ओढलं जातं. ज्या मॉडेलमध्ये एकच थर आहे आणि गावातल्या बोअर भरलेल्याच नाहीत, त्याला हा प्रवास कधीच दिसणार नाही.

बसाल्टची आणखी एक खोड लक्षात घ्यावी लागते. भेगेतून दूषित पाणी वाहत असताना थोडे क्षार बाजूच्या घट्ट खडकाच्या बारीक छिद्रांत शिरून बसतात. पुढे वरून येणारं पाणी शुद्ध झालं, तरी हे क्षार हळूहळू भेगेत परत येत राहतात. भिजलेली वीट वरून सुकलेली दिसली तरी आतून बरेच दिवस ओल सोडत राहते, तसंच हे. त्यामुळे ‘तलाव बंद केले की दोन वर्षांत विहिरी स्वच्छ होतील’ असं आश्वासन कुणी दिलं, तर हा परिणाम मॉडेलमध्ये धरला होता का, हे विचारलं पाहिजे. तो धरण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं आहे. फक्त आणखी दोन आकडे भरावे लागतात, आणि ते मिळवायला शेतावर जाऊन चाचणी करावी लागते.

मॉडेलं फेकून द्या, असं माझं म्हणणं मुळीच नाही. जमिनीखाली काय चाललंय, हे डोळ्यांना दिसत नाही. विहिरीचं पाणी खराब झाल्यावर जागं होण्यापेक्षा आधी अंदाज बांधता येणं ही फार मोठी शक्ती आहे. ती नीट वापरली तर मागे जाऊनही न्याय करता येतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅम्प लजून हा मरीन सैनिकांचा तळ आहे. तिथल्या टारावा टेरेस या वसाहतीच्या विहिरींत शेजारच्या ड्रायक्लिनिंगच्या दुकानातून पर्क्लोरोइथिलीन हे द्रावक झिरपत होतं. दुकान १९५३ मध्ये सुरू झालं. विहिरींतलं प्रदूषण उघड झालं ते १९८० च्या दशकात. मधल्या तीस वर्षांत तिथल्या सैनिकांच्या कुटुंबांनी नेमकं काय प्यायलं, याची मोजमापं नव्हती.

अमेरिकी सरकारच्या विषारी पदार्थविषयक आरोग्य संस्थेने मॉरिस मास्लिया यांच्या नेतृत्वाखाली याच दोन प्रोग्रॅम्सच्या आधारे महिन्यामहिन्याचा इतिहास पुन्हा उभा केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार वसाहतीच्या नळाच्या पाण्यातलं हे द्रावक नोव्हेंबर १९५७ मध्येच लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम या आजच्या मर्यादेच्या वर गेलं होतं. त्यांनी एकच आकडा देऊन हात झटकले नाहीत. गृहीतकं छापली, आकडे छापले, अनिश्चिततेचा पट्टाही दिला. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने या कामावर कडक टीका केली. महिन्याच्या नेमकेपणाने असे अंदाज बांधता येतात का, असा तिचा प्रश्न होता. त्यावर उत्तरं आली, वाद झाला. आकडे उघड होते म्हणूनच तो वाद शास्त्रीय होऊ शकला. २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून तिथे राहिलेल्यांना नुकसानभरपाईसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग मोकळा केला.

आपल्याकडे हे व्हायला नवीन यंत्रणा लागत नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. त्या सारांशाला एक पानाचा तक्ता जोडा: थर किती, प्रत्येकाची जाडी, पारगम्यता, सच्छिद्रता, पसरण्याची लांबी, चिकटण्याचा गुणांक, कडा, मुरणारं पाणी, प्रदूषणाचा स्रोत कधीपासून आणि किती. प्रत्येक आकड्यापुढे एकच शब्द लिहा: ‘मोजला’ किंवा ‘गृहीत’. शेतकऱ्याला त्या तक्त्यातल्या निम्म्या गोष्टी सल्लागारापेक्षा जास्त ठाऊक असतात. विहीर किती परस खोल आहे, मुरूम कुठे संपतो, काळा पाषाण कुठे लागतो, झरा कोणत्या अंगाला आहे, हे त्याने स्वतः खोदताना बघितलेलं असतं.

दुसरं, परवानगीचे सगळे कागद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर चढवले जातात. तिथेच मॉडेलच्या फाइल्सही चढवा. त्या साध्या मजकुराच्या फाइल्स असतात, सॉफ्टवेअर फुकट असतं. अभियांत्रिकी महाविद्यालयातला भूशास्त्राचा किंवा पर्यावरणाचा विद्यार्थी त्या उघडून सच्छिद्रता बदलून बघू शकतो. एक तपासनीस तज्ज्ञ समितीत बसून शंभर पानं चाळतो, त्यापेक्षा ही तपासणी कितीतरी खोल होईल.

तिसरं, एका आकड्यावर भविष्य सांगणं बंद करा. सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या शक्यतेतला पट्टा द्या. बसाल्टच्या प्रदेशात सच्छिद्रता अर्ध्या टक्क्यापासून पाच टक्क्यांपर्यंत बदलून काय होतं, हे दाखवल्याशिवाय अहवाल स्वीकारू नका. चौथं, परवानगी मिळाल्यावर दर दोन वर्षांनी विहिरींतली प्रत्यक्ष मोजमापं आणि मॉडेलचं भाकीत शेजारीशेजारी छापा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं निरीक्षण विहिरींचं जाळं राज्यभर पसरलेलं आहे, त्याचा इथे उपयोग होईल. भाकीत चुकलं तर मॉडेल दुरुस्त झालं पाहिजे आणि परवानगीच्या अटीही.

बौद्धिक मालमत्तेचा मुद्दा मला पटत नाही. सल्लागाराचं कौशल्य त्याचंच राहील. पण गावाखालच्या खडकाची सच्छिद्रता ही कुणाची खासगी मालमत्ता नाही. खर्चाचा मुद्दाही टिकत नाही. एका पंपिंग टेस्टचा आणि मिठाचं पाणी सोडून केलेल्या साध्या चाचणीचा खर्च प्रकल्पाच्या एकूण खर्चापुढे नगण्य असतो. उद्योगांनाही यात फायदा आहे. काही वेळा प्रदूषणाचा आरोप चुकीचा असतो, विहिरीतलं नायट्रेट शेजारच्या शोषखड्ड्यांतून किंवा शेतातल्या खतांतून आलेलं असतं. उघड मॉडेल हेही दाखवू शकतं.

महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात भूजल दूषित करण्याला मनाई आहे. ही मनाई अमलात आणायची, तर प्रदूषण होण्याआधीच त्याचा माग काढावा लागेल, आणि ते काम मॉडेलच करू शकतं. राज्याच्या पर्यावरण विभागाने मॉडेलचे आकडे आणि फाइल्स उघड करण्याचं परिपत्रक या पावसाळ्याआधी काढावं. तोवर ग्रामपंचायतींनी जनसुनावणीत एवढं तरी विचारावं: सच्छिद्रता किती धरली, कुठे मोजली, आणि ती दहापट कमी असेल तर पाणी आमच्या विहिरीत कधी पोचेल? याचं उत्तर इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्यावं. ते मिळत नसेल, तर अहवाल अपुरा आहे असा ठराव करण्याचा ग्रामसभेला पूर्ण अधिकार आहे.